मल्टिटूल वारंवार आवळते किंवा ढिले पडते: खिळीपासून खटक्यापर्यंतची तपासणी

लक्षणे

मल्टिटूल म्हणजे पक्कड, पाते, स्क्रूड्रायव्हर अशी अनेक हत्यारे मिटून हँडलात बसवलेले एकच हत्यार. ते आवळते किंवा ढिले पडते ही एकच तक्रार माझ्याकडे निरनिराळ्या रूपांत येते. कुणाचे पाते इतके जड झालेले असते की उघडताना नख दुखते. कुणाची पक्कड उघडते, पण मिटताना मध्येच अडते आणि हिसका दिल्यावर पुढे सरकते. कुणी एक हत्यार ओढले की शेजारची दोन त्याच्यासोबत बाहेर येतात. याच्या अगदी उलट म्हणजे पाते उघडल्यावर डावीउजवीकडे हलते, हँडल झटकले की मिटलेली हत्यारे निम्मी बाहेर लोंबतात, स्क्रूड्रायव्हरवर जोर दिला की तो मुळाशी कलतो. खिळीच्या कडेने आलेला तपकिरी ओघळ आणि उघडझाप करताना वाळू दळल्यासारखी होणारी करकर हीदेखील त्याच कुळातली लक्षणे आहेत. खटका, म्हणजे उघडलेले पाते अडवून धरणारी पट्टी, बसल्याचा आवाज येऊनही दाब पडताच पाते मिटणे हे त्यांतले सर्वांत वाईट लक्षण, आणि त्याचा विचार मी शेवटी स्वतंत्रपणे केला आहे.

आवळणे आणि ढिले पडणे हे दोन वेगळे बिघाड वाटतात. गिर्यारोहण आणि सायकल या दोन्ही मंडळांतील मित्रांची हत्यारे वर्षानुवर्षे दुरुस्त केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, दुसरा बिघाड पुष्कळदा पहिल्यावर केलेल्या चुकीच्या इलाजातून जन्माला येतो. मल्टिटूलच्या प्रत्येक हँडलमध्ये तीन-चार किंवा अधिक हत्यारे एकाच खिळीवर चळत लावल्यासारखी ओवलेली असतात. त्यांच्या मध्ये पातळ वॉशर असतात, आणि खिळीचा स्क्रू किंवा रिव्हेट ही सगळी चळत दोन्ही बाजूंनी दाबून धरतो. त्या फटींत कचरा गेला की घर्षण वाढते. मालकाला वाटते स्क्रू जास्त आवळला आहे, म्हणून तो स्क्रू पाव फेरा सैल करतो. हत्यार काही दिवस मोकळे चालते, पण फटी आता रुंद झालेल्या असल्यामुळे कचरा अधिक आत जातो, तो वॉशर घासतो, सैल स्क्रू हादऱ्यांनी आणखी फिरतो आणि एखाद्या दिवशी डोंगराच्या वाटेवर कुठेतरी पडून जातो. म्हणून पुढील तपासण्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने कराव्यात. स्क्रूला हात लावण्याची पाळी बऱ्याच उशिरा येते, आणि ते मुद्दाम तसे आहे.

आधी हमीचा विचार

मल्टिटूल बनवणाऱ्या कंपन्यांपैकी लेदरमन आपल्या हत्यारांना २५ वर्षांची हमी देते आणि व्हिक्टोरिनॉक्सची हमी पोलाद व घडणीतील दोषांपुरती आयुष्यभराची असते. मात्र मालकाने केलेले फेरबदल आणि गैरवापर अशा हमीत बसत नाहीत. तुमचे हत्यार हमीत असेल, तर साफसफाई, तेलपाणी आणि बाहेरून करायची पाहणी इथपर्यंतच थांबावे. ते उघडणे, घासणे किंवा त्यात काही बदलणे याचा विचार हमी संपलेल्या किंवा सेकंडहँड घेतलेल्या हत्यारापुरताच ठेवावा.

पहिली तपासणी: उजेड, काडी आणि नेलपॉलिश

यासाठी खर्च शून्य. हत्यार पूर्ण उघडून खिडकीशी धरा आणि प्रत्येक हत्याराच्या मुळाशी, म्हणजे खिळीभोवती आणि हँडलच्या तळाशी, काय साचले आहे ते पाहा. खिशात राहणाऱ्या मल्टिटूलमध्ये कपड्यांचे तंतू, घाम आणि जुने तेल यांचा एक करडा नमदा तयार होतो. तो दातकोरणीच्या लाकडी काडीने काढावा. सुई किंवा दाभण वापरले तर वॉशरच्या कडा खरचटतात. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका हत्याराचे करवतीचे पाते तीन चतुर्थांश मिटून अडत होते. मालकाने स्प्रिंग गेली असे ठरवूनच टाकले होते. भिंगाखाली धरून काडी फिरवली तेव्हा नमद्याच्या गुंडाळीसोबत बडीशेपेचा एक अख्खा दाणा बाहेर आला. पाते त्याच क्षणी पूर्ण मिटले.

याच वेळी आणखी एक छोटे काम करून ठेवा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या हँडलवर जाईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. पुढे कधीही रेघ तुटलेली दिसली, तर स्क्रू फिरला आहे हे नक्की. आणि हत्यार ढिले होऊनही रेघ सलग असेल, तर दोष स्क्रूत नसून झिजेत आहे हेही तितकेच नक्की. एवढ्या एका खुणेमुळे पुढचा निम्मा तर्क वाचतो.

आताच्या स्थितीची नोंदही घ्या, कारण दुरुस्तीने फरक पडला की नाही हे नंतर आठवणीवर सांगता येत नाही. नोंद घेण्याच्या माझ्या दोन साध्या पद्धती आहेत. पहिली: पाते काटकोनात उघडून, हँडल आडवे धरून सोडायचे आणि ते जागच्या जागी राहते, हळूहळू खाली येते की धाडकन पडते हे लिहायचे. खटक्याचे पाते असेल तर बोटे त्याच्या मार्गातून दूर ठेवायची. दुसरी: पाते पूर्ण उघडून टोकाजवळ मोजपट्टी धरायची, पाठीकडून दोन बोटांनी हलके डावीउजवीकडे ढकलायचे आणि टोक किती हलते ते पाहायचे. अर्धा मिलिमीटर हलत असेल तर मी तिकडे लक्ष देत नाही. दीड-दोन मिलिमीटर हलत असेल तर कारण शोधतो. हा माझा अंदाजी नियम आहे, कुठल्या कारखान्याचे माप नव्हे.

दुसरी तपासणी: कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण

माझ्याकडे येणाऱ्या आवळलेल्या हत्यारांपैकी बहुसंख्य याच पायरीवर बरी होतात, आणि तरीही जवळपास प्रत्येक मालकाने ती गाळून थेट तेल ओतलेले असते. कचऱ्यावर तेल ओतले की त्याची खळ होते. तिने घर्षण चार दिवस कमी होते आणि मग पहिल्यापेक्षा वाढते, कारण धूळ आता चिकटूनच राहते.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून हत्यार उघड्या स्थितीत अर्धा तास बुडवून ठेवावे. नंतर पाण्यातच प्रत्येक हत्यार वीस-पंचवीस वेळा उघडावे, मिटावे आणि जुन्या दात घासायच्या ब्रशाने खिळीभोवती घासावे. पाणी काळे होईल. ते बदलून पुन्हा तेच करावे. साखर, उसाचा रस आणि फळांचा गर पाण्याने निघतो. आंब्याचा किंवा फणसाचा चीक मात्र पाण्याला दाद देत नाही. त्यासाठी आधी थोडे तेल लावून चीक सैल करावा आणि मग साबणाने धुवावे. फणस कापताना आपण हाताला तेल लावतो त्यामागचे कारण तेच आहे. जुने, डिंकासारखे झालेले तेल निघत नसेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा थोडे रॉकेल ब्रशाने लावता येते. हे काम उघड्या हवेत आणि चूल, उदबत्ती, सिगारेट यांच्यापासून दूर करावे.

समुद्रावर वापरलेल्या हत्याराला गोड्या पाण्याने खळखळून धुणे हे साबणापेक्षाही महत्त्वाचे आहे. मल्टिटूलच्या पात्यांना पुष्कळदा वापरले जाणारे ४२० एचसी हे पोलाद गंजरोधक आहे, पण गंजमुक्त नाही. त्यात क्रोमियम साधारण १३ टक्के असते, आणि क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होऊन पोलादाला राखतो. हा थर टिकण्यासाठी प्राणवायू लागतो. खिळीच्या फटीत हवा पोचत नाही, मीठ आणि ओल मात्र पोचते, त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारे हत्यार आतून गंजते. दापोलीकडच्या एका मित्राचे मल्टिटूल मासे साफ करायला वापरले जायचे. बाहेर एक डाग नव्हता आणि खिळीतून उघडझापीबरोबर तपकिरी पाणी येत होते.

तिसरी तपासणी: सुकवणे आणि योग्य तेल

धुतल्यावर ओले हत्यार मिटून ठेवणे म्हणजे गंजाला आमंत्रण. आधी ते झटकावे, मग केस सुकवायच्या यंत्राने किंवा पंख्याखाली उघडे ठेवून सुकवावे. पाणी हटवणारा फवारा इथे उपयोगी पडतो. डब्ल्यूडी-४० या नावातील पहिली दोन अक्षरे ‘पाणी हटवणे’ याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत आणि त्याचे मूळ काम तेच. पण फवारा मारून काम संपले असे समजू नये. तो बराचसा उडून जातो आणि खिळीला टिकाऊ वंगण म्हणून पुरत नाही.

वंगणासाठी शिलाई मशीनचे पातळ तेल पुरेसे आहे. प्रत्येक खिळीला एक थेंब, मग दहा-पंधरा वेळा उघडझाप आणि बाहेर आलेले तेल कापडाने पुसून टाकणे, एवढेच. ज्या पात्याने फळे किंवा भाकरी कापायची आहे त्याच्या खिळीला औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन लावावे. ते खाण्याजोगे असते आणि खवट होत नाही. स्वयंपाकाचे गोडेतेल लावू नये, कारण हवा लागून ते हळूहळू चिकट होते आणि शेवटी त्याचा राळेसारखा थर बसतो. खोबरेल तेलाचा मोह कोकणात फार होतो. मलाही झाला होता. ते साधारण २४-२५ अंश सेल्सिअसखाली थिजते, हे शाळेत शिकलेले ज्ञान मला हिवाळ्यातल्या एका पहाटे हरिश्चंद्रगडावर, पक्कड उघडेना तेव्हा आठवले.

खटक्याचा जो पृष्ठभाग पात्याच्या मुळाला टेकतो तिथे तेल लावू नये. त्या जागी घर्षण हवे असते.

हत्यार कातडी म्यानात असेल आणि गंज पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष म्यानाचा असण्याची शक्यता मोठी आहे. कातडे पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि कमावताना वापरलेल्या रसायनांचे अंशही त्यात असतात. जून ते सप्टेंबर हत्यार म्यानाबाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून पाहा. फरक स्वतःच दिसेल.

चौथी तपासणी: गंज

धुऊन, सुकवून, तेल देऊनही करकर राहिली तर खिळीत गंज आहे असे धरून चालावे. तेल घालून रात्रभर ठेवावे, सकाळी उघडझाप करून बाहेर येणारी तपकिरी घाण पुसावी आणि तेल स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे. तीन-चार दिवस लागू शकतात. बाहेरचे डाग पितळी तारांच्या किंवा नायलॉनच्या ब्रशाने काढावेत. साधा लोखंडी काथ्या वापरू नये. त्याचे सूक्ष्म कण गंजरोधक पोलादात अडकतात आणि तेच पुढे गंजून नवे डाग पाडतात. संडास-बाथरूम साफ करायचे आम्ल तर मुळीच नको, कारण त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल तोच संरक्षक थर खाऊन टाकते. काळ्या लेपाच्या हत्यारांवर घासकाम जपून करावे, नाहीतर गंजाबरोबर लेपही जातो.

हाताला लागणारे खड्डे पडले असतील आणि ते पात्याच्या मुळाशी किंवा पकडीच्या जबड्याच्या खिळीजवळ असतील, तर हत्यारावर जोर देणे बंद करावे. चिरा बहुधा अशाच खड्ड्यांतून सुरू होतात.

पाचवी तपासणी: स्क्रू

आता स्क्रू. सर्वच मल्टिटूल उघडता येत नाहीत. लेदरमनचे १९८३ साली आलेले पहिले हत्यार, पीएसटी, रिव्हेट ठोकलेले होते. व्हिक्टोरिनॉक्सचे स्विसटूलही रिव्हेटचे आहे. लेदरमनच्याच वेव्ह किंवा सर्ज यांसारख्या हत्यारांच्या हँडलच्या खिळींना मात्र टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, स्क्रू असतात, आणि पुष्कळदा त्यांच्या मध्यभागी एक बारीक गुंडी असते. त्यासाठी मध्ये भोक असलेला बिट लागतो. मला वारंवार लागलेली मापे टी-८ आणि टी-१० आहेत. लहान मापाचा बिट चालवून घेण्याचा प्रयत्न करू नये. एकदा स्क्रूच्या डोक्यातील पाकळ्या घासल्या गेल्या की पन्नास रुपये वाचवण्याच्या नादात हत्यार कायमचे बंद होते. हे मी दुसऱ्यांना सांगतो, कारण माझ्या पहिल्या हत्याराचे मी स्वतः तसेच केले होते.

हत्यार ढिले असेल आणि नेलपॉलिशची रेघ तुटलेली असेल, तर स्क्रू एकदम आवळू नका. घड्याळाच्या एका तासाइतका फिरवा, काटकोनाची चाचणी घ्या, मग पुढचा तास. पाते आडवे धरल्यावर जागच्या जागी राहावे आणि झटक्याने सुटावे, इतका दाब योग्य. एकाच खिळीवर चार हत्यारे असल्यामुळे सर्वांना एकसारखा दाब मिळणार नाही. मधली दोन थोडी सैल आणि कडेची जड राहणे स्वाभाविक आहे, आणि ते बरोबर करण्याच्या हट्टापायी आटे घालवू नयेत.

स्क्रू बसवूनही आठवड्याभरात रेघ पुन्हा तुटली, तर आट्यांना निळ्या प्रकारचे, म्हणजे मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप फिरू न देणारे चिकट द्रव्य) लावावे. लॉकटाइट २४३ हे त्यातले सहज मिळणारे. स्क्रू पूर्ण काढून आटे अल्कोहोलने कोरडे करावेत, काडीच्या टोकावर मावेल एवढाच थेंब लावावा आणि २४ तास हत्यार वापरू नये. हे द्रव्य हवा नसलेल्या जागी, धातूच्या सान्निध्यात घट्ट होते. जास्त लावले तर ते ओघळून वॉशरमध्ये जाते आणि हत्यार खिळीतच चिकटते. लाल प्रकार वापरू नये. तो सोडवायला साधारण २५० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते, आणि तेवढ्या उष्णतेने शेजारच्या पात्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरू शकते. अशी लाल चिकटलेली हत्यारे माझ्याकडे येतात तेव्हा मी ती परत करतो.

सहावी तपासणी: उघडणे, वॉशर आणि हौसेचे फेरबदल

इथून पुढचे काम हमी संपलेल्या, स्क्रूच्या हत्यारापुरते. कडा उंच असलेल्या परातीत पांढरे फडके अंथरून त्यावरच हत्यार उघडावे आणि प्रत्येक थर काढण्यापूर्वी मोबाइलने छायाचित्र घ्यावे. परातीची सवय मला एका वॉशरने लावली. तो माझ्या हातून सुटून फरशीवर पडला, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने लोहचुंबक फिरवत बसलो. वॉशर फॉस्फर ब्राँझचा होता, तो चुंबकाला कसा लागणार? शेवटी दिवे बंद करून टॉर्च फरशीला समांतर धरली तेव्हा त्याची लांब सावली दिसली आणि तो कपाटाच्या पायाशी सापडला.

वॉशर सपाट काचेवर ठेवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर वाकला आहे. त्यावर गोलाकार खोल चर असतील तर कचऱ्याने झिजवला आहे. चर हलके असतील तर काचेवर १००० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, पाण्यासोबत, एका बोटाच्या दाबाने फिरवून ते घालवता येतात. उद्देश उंचवटे काढणे एवढाच आहे. जास्त घासले की वॉशर पातळ होतो, चळतीची एकूण जाडी कमी होते आणि ज्या ढिलेपणासाठी हत्यार उघडले तोच वाढतो.

हाच जाडीचा हिशेब हौशी फेरबदलांत चुकतो, आणि ‘मी जरा सुधारून घेतले आहे’ असे सांगून आणलेली बरीचशी हत्यारे त्यामुळेच माझ्या टेबलावर येतात. सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे न लागणारे हत्यार, बहुधा डबा उघडणी, काढून टाकणे. काढायला हरकत नाही, पण त्याच्या जागी तितक्याच जाडीचा तुकडा बसवला नाही, तर स्क्रू तळाला टेकतो आणि चळत मात्र आवळली जातच नाही. मालक स्क्रू आवळत राहतो, आटे जातात. तुटलेल्या वॉशरच्या जागी प्लास्टिकच्या बाटलीतून कापलेला वॉशर घालणे हाही असाच प्रकार आहे. मी तो करून पाहिला आहे. पहिल्या दिवशी हत्यार लोण्यासारखे चालते, पण प्लास्टिक दबत जाते आणि काही आठवड्यांत पाते डुलू लागते. बाहेरून घेतलेल्या जाड हँडलपट्ट्या बसवल्यावर मूळ स्क्रू कमी आट्यांत धरतो, हेही लक्षात ठेवावे. ब्राँझचा वॉशर हवा असेल तर जुना नमुना घेऊन लेथवाल्याकडे जावे आणि मायक्रोमीटरने जाडी मोजून घ्यावी. शंभर मायक्रॉनचा फरकही हाताला कळतो.

न लागणाऱ्या पात्याला घासून नवा आकार देणे मला आवडते; डबा उघडणीचे एक टोक मी पाकिटे आणि पार्सले उघडण्यासाठी गोलसर करून घेतले आहे. पण ते कानशीने आणि दगडावर करावे, ग्राइंडरवर नाही. पोलाद बोटांना सोसेल इतकेच तापू द्यावे आणि दर दोन-तीन घासांनंतर पाण्यात बुडवावे. रंग बदलला तर थांबू, असे म्हणू नये, कारण गंजरोधक पोलादावर उष्णतेचा रंग साध्या पोलादापेक्षा उशिरा दिसतो आणि तोपर्यंत पाणी उतरलेले असते. रस्त्यावरच्या धारवाल्याकडे मल्टिटूलचे पाते देऊ नये ते याच कारणासाठी.

फेरबदल टिकेल की नाही हे टेबलावर कळत नाही. माझी पद्धत अशी: पन्नास वेळा उघडझाप, मग काटकोनाची आणि टोकाची चाचणी, मग आठवडाभर खिशात आणि सायकलच्या पिशवीत, आणि पुन्हा त्याच दोन चाचण्या. रेघ सलग आणि टोकाचे हलणे पहिल्याइतकेच असेल, तर बदल पास. आठवड्याच्या आत दिलेला अभिप्राय मी स्वतःचाही मानत नाही.

सातवी तपासणी: पकडीचे जबडे

पक्कड मिटून उजेडासमोर धरा. टोकाशी जबडे टेकलेले आणि मध्ये थोडी फट असणे पुष्कळ मॉडेलांत रचनेचाच भाग असते, पण टोके एकमेकांच्या पुढेमागे गेली असतील तर जबडा किंवा खीळ वाकली आहे. तार कापायच्या धारेत खाचा दिसत असतील, तर मालकाने सायकलच्या ब्रेकची केबल, स्पोक किंवा गळाचा हूक कापला आहे हे न विचारता कळते. ही सर्व कडक पोलादाची असतात. काही मॉडेलांत कापणीची पाती बदलता येतात. ज्यांत येत नाहीत, त्यांत खाचा घासून धार मागे नेली की दोन्ही धारा एकमेकांना भेटतच नाहीत, म्हणून खाचांसह जगावे.

धारेवर वितळल्यासारखा छोटा खळगा असेल तर चालू वीजवाहिनीला पक्कड लागलेली आहे. मल्टिटूलची हँडले धातूची असतात आणि त्यांना कसलेही विद्युतरोधन नसते. घरातील २३० व्होल्टच्या वायरिंगवर मुख्य स्विच बंद केल्याशिवाय हे हत्यार वापरू नये, आणि असा खळगा दिसला तर हत्याराआधी त्या वायरिंगची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

कुठे थांबावे

खटक्याच्या बाबतीत मी कुणाचेही ऐकत नाही. पाते पूर्ण उघडल्यावर खटक्याची पट्टी पात्याच्या मुळाच्या जाडीवर पावापासून निम्म्यापर्यंत सरकलेली दिसावी. कडेला जेमतेम टेकत असेल, तर आधी ती जागा काडीने आणि अल्कोहोलने साफ करावी, कारण तिथे अडकलेला एक वाळूचा कणही पट्टीला पुढे येऊ देत नाही. मग हँडल असे धरावे की एकही बोट पात्याच्या मिटण्याच्या मार्गात येणार नाही, आणि पात्याची पाठ घडी केलेल्या टॉवेलवर हळूहळू दाबावी, आपटू नये. खटका सुटला तर काम तिथेच थांबले. खटक्याचा पृष्ठभाग कानशीने घासून कोन सुधारण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो कोन अंशाच्या बारकाईने घासलेला असतो, घरच्या हाताने तो सुधारला असे वाटते आणि ऐन कामात सुटतो. असे हत्यार कंपनीच्या सेवेकडे पाठवावे, किंवा हमी नसेल तर त्या पात्याचा वापर बंद करून फक्त पक्कड वापरावी. पीएसटीसारख्या जुन्या हत्यारांच्या पात्यांना खटका नव्हताच, तेव्हा त्यांची पाती मुळात खटका नाही हे गृहीत धरून वापरावीत.

रिव्हेटचे हत्यार ढिले झाले असेल तर तेही घरी दुरुस्त करण्याजोगे नाही. व्हाइसमध्ये मऊ पट्ट्यांच्या मध्ये रिव्हेट किंचित दाबून एक जुने हत्यार मी सुधारले आहे, आणि दुसरे इतके आवळून टाकले आहे की त्याचे पाते उघडायला वेगळी पक्कड लागते. रिव्हेट सैल करण्याची सोय नसते, ही त्यातली मेख. पात्याच्या मुळाशी किंवा जबड्यावर चीर, लाल थ्रेडलॉकर, पाकळ्या गेलेला स्क्रू आणि हमीतील कोणताही यांत्रिक दोष, ही सर्व कामे व्यावसायिकाची आहेत.

पाठवताना हत्यार स्वच्छ आणि कोरडे करून पाठवावे, सुटलेले वॉशर आणि स्क्रू वेगळ्या छोट्या पुडीत ठेवावेत आणि एका कागदावर कोणते तेल घातले, कोणता स्क्रू किती फिरवला, कोणते थ्रेडलॉकर लावले हे लिहून सोबत द्यावे. माझ्या मित्राने दापोलीच्या हत्यारासोबत असा कागद दिला होता. त्यात शेवटची ओळ होती, ‘खोबरेल तेल, दोनदा.’ ती वाचली आणि खीळ उघडण्याआधीच मी पाणी तापत ठेवले.